आमची वाटचाल : ८.४ आणि ८.०

एक यूटी मशीन (ध्वनिलहरी आत सोडून जाडी आणि दोष शोधणारं), ४५, ६० आणि ७० अंशांत तिरकी लहर सोडणारे तीन अँगल प्रोब आणि ते पडताळायचा स्टीलचा ठोकळा, म्हणजे एक व्ही-वन ब्लॉक, एवढ्यावर आमची फर्म उभी राहिली. वेल्ड तपासण्यात बरीच वर्षं नीट गेली. त्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सांगायचं आहे ते त्या गरम पाइपबद्दल.

प्लांट चालू, पाइपचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअस, भिंतीच्या जाडीचं आमचं रीडिंग ८.४ मिमी. शटडाउनमध्ये तीच जागा थंड असताना मोजली, तर ८.० मिमी. मशीनमध्ये दोष नव्हता. ज्यावर मशीन जुळवलं तो ठरावीक जाडीच्या पायऱ्यांचा स्टेप ब्लॉक खोलीच्या तापमानाला होता, तिथे घोटाळा झाला. स्टीलमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर. तापमान ५५ अंशांनी वाढलं की तो साधारण १ टक्का घटतो. मग भिंतीच्या मागच्या बाजूवरून परतणारा इको उशिरा येतो आणि मशीन भिंत आहे त्यापेक्षा जाड दाखवतं. पाइप बदलण्याची मर्यादा नेमकी या दोन आकड्यांच्या मधे होती.

चूक आमची, ती आम्ही लेखी कबूल केली. पण एका प्रतिस्पर्धी फर्मने तो रिपोर्ट दारोदार दाखवला. वर्षभर कामं आटली, मशीन विकायची वेळ आली. त्यांच्या रिपोर्टातही तापमानाचा उल्लेख नसायचा, हे मात्र कुणी पाहिलं नाही. याचं वाईट आजही वाटतं.

त्या वर्षी टिकले ते एकच ग्राहक, कार्बन फायबरचे पॅनल बनवणारे. नापास पॅनल ते आमच्याकडे पाठवत. म्हणत, "खुशाल कापा, आत काय निघालं तेवढं कळवा." फ्लॅश थर्मोग्राफी, म्हणजे फ्लॅशने पृष्ठभाग क्षणभर तापवून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहणं, आम्ही त्या पॅनलांवर शिकलो. फ्लॅश मारल्यावर पृष्ठभाग निवत जातो. खाली थर सुटलेला असेल तिथे उष्णता अडते आणि तेवढा डाग गरम राहतो. तो दिसायला लागणारा वेळ दोष किती खोल आहे त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कार्बन फायबरमध्ये २ मिमी खोलीला सुमारे १० सेकंद, ४ मिमीला ४०. शिवाय दोषाचा व्यास खोलीच्या निदान दुप्पट हवा.

त्याच प्रतिस्पर्धी फर्मने पास केलेला एक पॅनल या ग्राहकांनी शंका आली म्हणून आमच्याकडे आणला. रेकॉर्डिंग फक्त ५ सेकंदांचं होतं. आम्ही ६० सेकंद घेतलं, अंधूक डाग दिसला. तिथे ५ मेगाहर्ट्झचा प्रोब ठेवला, तर बॅकवॉल (मागच्या बाजूचा) इको गायब आणि ४ मिमीवर वेगळाच इको. (कार्बन फायबरसाठी मशीनवर वेग सेकंदाला ३,००० मीटरच्या आसपास लावा. स्टीलचा राहिला तर खोली जवळपास दुप्पट दिसते.) कापल्यावर १५ मिमीचं डीलॅमिनेशन, म्हणजे सुटलेला थर, निघालं.

नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगतो, नमुना दोष बनवताना टेफ्लॉनची एकच पट्टी घालू नका. पॅनलमधलं रेझिन तिला घट्ट टेकून बसतं, उष्णता पार होते आणि खऱ्या दोषासारखा डाग मिळत नाही. पट्टी दुहेरी घडी करून घाला, मधे हवा राहते. चकचकीत पृष्ठभागाला धुता येणारा मॅट काळा रंग द्या, नाहीतर कॅमेरा खोलीतल्या दिव्यांचं प्रतिबिंब टिपतो. अँगल प्रोबचा शू, म्हणजे खालचा प्लास्टिकचा तुकडा, झिजला की कोन सरकतो, म्हणून दर शिफ्टला व्ही-वनवर तपासा.

आमच्या रिपोर्टात आता पृष्ठभागाचं तापमान, ब्लॉकचं तापमान आणि रेकॉर्डिंगचे सेकंद असे तीन रकाने असतात. त्या फर्मच्या रिपोर्टात यातला एकही अजून आलेला नाही.