हळदीला भर आणि ठकूची लुडबूड

आज श्रावण शुद्ध चतुर्थी, भावाचा उपवास. उद्या नागपंचमी, म्हणजे मातीला खुरपं लावायचं नाही, काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि सासूबाई या बाबतीत काडीची सूट देत नाहीत. म्हणजे हळदीला भर लावायची तर आजच. शेतबित काही नाही हां आमचं, सांगलीत विश्रामबागला घरामागं थोडासा परस आहे, त्यात अक्षय तृतीयेला लावलेले दोन वाफे, राजापुरी हळद, अण्णांनी गावाकडनं आणलेलं बेणं. पानं आता गुडघ्याच्या वर गेलीत पण पावसानं माती वाहून गड्डे उघडे पडायला लागलेत. उघड्या गड्ड्यावर कंदमाशी अंडी घालते आणि मग आतनं सडायला लागतं, म्हणून दोन्ही बाजूनं माती ओढून झाकून टाकायचं. काम तासाभराचं. ठकू जागी असली तर मात्र सकाळ गेली म्हणून समजायचं.

ठकू पावणेदोन वर्षांची. "इथं बस" हे तिला कळतं, पण पटत नाही.

तिला वाढदिवसाला कुणीतरी प्लास्टिकचा बागकामाचा सेट दिलेला, गुलाबी झारी, पिवळं फावडं, दाताळं, सगळं. तिनं ते फावडं एकदा चाटून बघितलं आणि फेकून दिलं आणि माझ्या हातातलं खुरपं मागायला लागली. बरोबरच आहे म्हणा, आई ज्यानं काम करतीय तेच खरं, बाकी सगळं खोटं, एवढी अक्कल या वयात असतेच. त्यामुळं खेळण्यांवर पैसे घालवण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही. माळ्यावर पडलेलं जर्मनचं चेमटलेलं पातेलं आणि स्वयंपाकघरातला जुना डाव दिलाय तिला, आणि सोबत खरं काम. म्हणजे ढिगातली माती डावानं पातेल्यात भरायची आणि आईच्या वाफ्यात आणून ओतायची. आज ती करतही होती बरं का, फक्त दोन खेपा आणल्या की तिसऱ्या खेपेला मी नुकतीच गड्ड्याला लावलेली माती उकरून परत ढिगावर नेऊन टाकायची. दोन्हीकडं तेवढाच आनंद. मी एका टोकानं भर लावत चाललीये आणि मागनं ही काढत चाललीये, अण्णा कट्ट्यावर बसून बघत होते, म्हणाले, "असू दे की गं, रोजगाराला बाई लावलीस म्हणायचं, पोटभर खाती आणि उलटं काम करती."

मग तिला पाण्याचं काम दिलं. हे मात्र मस्त चालतं, कुणाला घरी बारकं पोर असेल तर करून बघा. रंग द्यायचा जुना रुंद ब्रश घ्यायचा, वाटीत पाणी द्यायचं आणि शहाबादी फरशी "रंगवायला" सांगायचं. ओली झाली की फरशी काळीशार दिसते, आणि उन्हाची तिरीप आली की कडेनं वाळत वाळत परत करडी होते, की ही परत सुरू. श्रावणात तर ऊनपावसाचा खेळ असतोच, मधेच भुरभुर आली आणि सगळीच फरशी काळी झाली तेव्हा ती ब्रश धरून वर आभाळाकडं बघत उभी राहिली, तिचं काम कुणीतरी हिसकावल्यासारखं. त्या तेवढ्या वेळात माझा एक अख्खा वाफा झाला.

पाणी वाटीतच द्यायचं, बादलीत नाही, यावर मी ठाम आहे. या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं, बादलीत वाकली आणि तोल गेला तर स्वतःहून वर येता येत नाही, आणि त्याला चार बोटं पाणीसुद्धा पुरतं, आवाजही होत नाही. पिंपावर झाकण आणि झाकणावर दगड. तसंच कुंपणाची बिट्टी. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळतच मोठे झालो, पण त्या बियांचं विष थेट हृदयावर जातं, आणि हिच्या हाताला लागेल ते तोंडात. देवाला पिवळी फुलं लागतात म्हणून सासूबाई तयार नव्हत्या, शेवटी गलांडा लावून देते असं कबूल केलं तेव्हा कुठं बिट्टी निघाली. लाल कण्हेर अजून आहे, सगळं झाडच विषारी, तिच्यावर पण डोळा आहे माझा, गौरी-गणपती झाले की बघू.

माती खाते का, तर खाते. सगळीच खातात. दीड वर्षाचा बूस्टर झालाय, आणि अंगणवाडीतनं जंताची गोळी मिळते तीपण दिलीये, एक ते दोन वर्षांच्या पोराला अर्धीच, २०० मिलीग्रॅम, चुरून पाण्यातनं. बाकी हात धुवायचे, नखं कापायची. ढिगाला हात लावू द्यायच्या आधी मी एकदा काठीनं हलवून घेते, बाजूला पडलेलं फाटकं ताडपत्रीचं तुकडं पण उचलून बघते. पावसाळ्यात काय बसलं असेल सांगता येत नाही, आणि शिराळा आमच्याच जिल्ह्यात असला तरी नागोबाचं दर्शन उद्या पाटावरच झालेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो गांडुळानं. खुरप्याबरोबर एक चांगलं लांबडं वर आलं, ते तिनं बघितलं, आणि डाव, पातेलं, आई, सगळं विसरून उकिडवी बसली. ते आखडलं की ही पण खांदे आखडून घ्यायची, लांब झालं की मान पुढं. बोट लावलं, ते वळवळलं, ही दचकून मागं बसली ती थेट चिखलात, आणि मग हसायलाच लागली. बेंदराच्या मातीच्या बैलांतला एक शिंग मोडका बैल तिच्याकडं असतो, तो आणून तिनं गांडुळासमोर ठेवला, बहुतेक ओळख करून द्यायला. गांडूळ गेलं मातीत. मग बैल पण मातीत पुरायचा म्हणून बसली, काळी माती, ओली, पायाला टाचेएवढी चिकटलेली, आणि तो बैल काही केल्या खाली जाईना. मी पुरून दिला. मग लगेच "बैय कुटं?" म्हणून रडायला सुरुवात. उकरून काढला. परत पुरायचा. हे किती वेळ चाललं देव जाणे, माझं निम्मं लक्ष हळदीवर आणि निम्मं बैलावर, शेवटचे चार गड्डे अण्णांनीच उठून झाकले.

मधल्या खाऊला चुरमुरे. भडंग म्हणून हट्ट करते, बापाच्या सवयी, पण त्यात तिखट आणि शेंगदाणे, आणि शेंगदाणा घशात अडकायची भीती, त्यामुळं नुसते चुरमुरे वाटीत. निम्मे चिमण्यांना गेले. मला साबुदाणा होता तो मी उभ्यानंच खाल्ला.

आंघोळीला तीन पाण्यात माती निघाली. लगेच झोपली, कानामागं अजून काळं होतंच.

उद्या मातीकाम बंद, दिंडं करायचीत आणि आंब्याला झोका बांधायचाय, तेवढ्यात दिवस जाईल तिचा. परवा रिकाम्या वाफ्यात मेथी टाकायचीये. अण्णा म्हणत होते धने टाकू, पण धने उगवायला दहा-बारा दिवस घेतात, तेवढा दम हिच्यात नाही आणि खरं सांगायचं तर माझ्यातही नाही. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, आणि बी नुसतं मुठीनं फेकायचं असतं. फेकायच्या कामाला आमच्याकडं माणूस तयार आहे.