सातने भाग जातो, पण वर्ष जुळत नाही

मी कॅलेंडर कन्व्हर्टरच्या टीममध्ये आहे, शक, संवत, हिजरी, ज्यू, सगळं आमच्याकडेच येतं. ज्यू लोकांचं दर सातवं वर्ष शमिताचं, त्या वर्षी शेत पडीक ठेवायचं आणि उधारी माफ. कोडमध्ये हे एका ओळीचं काम, वर्षाला 7 ने भाग गेला की शमिता. ज्यू सनाच्या 5782 ला जातो, म्हणजे 2021-22 (ज्यू वर्ष शरदात सुरू होतं, म्हणून दोन आकडे).

त्या दिवशी प्राचीन इतिहासावर काम करणाऱ्या एका क्लायंटचं तिकीट (तक्रार) आलं की तुमचं प्राचीन काळातलं प्रत्येक शमिता वर्ष एकाने चुकतंय. टेस्टिंगवाली म्हणाली, "अगं, भागाकार तर बरोबर येतोय!" येणारच ना. आजची गणती मागे नेली की हेरोद राजाने जेरुसलेमला घातलेल्या वेढ्याजवळ इ.स.पू. 38-37 येतं, आणि एकोणिसाव्या शतकात झुकरमन या अभ्यासकाने मांडलेला शमिता वर्षांचा तक्ताही तेच सांगतो. पण 1973 मध्ये वॉकहोल्डर या दुसऱ्या अभ्यासकाने सगळा तक्ता एक वर्ष पुढे सरकवला, 37-36. क्लायंट त्या पक्षाचा.

मग कॉलवर त्याने मृत समुद्राजवळच्या मुरब्बातच्या गुहेत सापडलेला पपायरस (जुन्या काळचा लव्हाळ्याचा कागद) दाखवला, आणि माझं बाकीचं काम त्या दिवशी राहिलंच. साधी कर्जाची चिठ्ठी आहे हो, रोमन सम्राट नीरोच्या दुसऱ्या वर्षातली. अबशालोम नावाचा माणूस 20 झूझ (चांदीची नाणी) देणं लागतो आणि लिहून देतो की शमिता असलं तरी फेडीन, वर पाचवा हिस्सा जास्त देईन. म्हणजे उधारी माफीच्या वर्षासाठी सावकाराने आधीच बंदोबस्त करून ठेवलेला, दोन हजार वर्षांपूर्वी!

आता गंमत बघा. नीरो गादीवर आला ऑक्टोबर इ.स. 54 मध्ये. तिथून सरळ मोजलं तर दुसरं वर्ष 55-56, वॉकहोल्डर खूश. पण लिहिणाऱ्याने पहिले काही महिनेच पहिलं वर्ष धरून वसंतात ज्यूंच्या निसान महिन्याला आकडा बदलला असेल तर दुसरं वर्ष 55 च्या वसंतात सुरू, आणि चिठ्ठी झुकरमनच्या 54-55 मध्येही बसते. सेल्युकिड सनाचंही (सिकंदरानंतर त्या भागात राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्याचा सन) तेच, कुणी इ.स.पू. 312 च्या शरदापासून मोजतो, कुणी 311 च्या वसंतापासून, आपल्याकडे विक्रम संवत गुजरातेत कार्तिकात बदलतो आणि उत्तरेत चैत्रात तसंच. त्यामुळे सेल्युकिडांनी मॅकाबींच्या (त्यांच्याविरुद्ध लढणारे ज्यू बंडखोर) बेथ-सूर गडाला घातलेल्या वेढ्यात शमितामुळे आत धान्य नव्हतं हे कळतं, पण नक्की कुठल्या वर्षी यावर परत वाद.

मला विचाराल तर या पुराव्यावर कुणीच छातीठोक बोलू नये, चिठ्ठीत तो शमिताचा उल्लेख त्याच वर्षाबद्दल आहे की नुसती कायदेशीर अट, यावरही एकमत नाही. मॅनेजरला मात्र "बग आहे की नाही" एवढंच हवं होतं. मी तिकीट बंद केलं नाही, फीचरमध्ये टाकलं. डिफॉल्ट झुकरमन, कारण आजच्या इस्रायलमधली शमिता त्याच गणतीने येते, आणि वॉकहोल्डरसाठी वेगळा स्विच. क्लायंटने लगेच विचारलं, डिफॉल्ट उलटं का नाही?