न्यूटनची वलये : प्रात्यक्षिक परीक्षेतला माझा अनुभव

वाशीच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला असताना प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या वाट्याला न्यूटनच्या वलयांचा प्रयोग आला. सपाट काचेवर समतल-बहिर्वक्र, म्हणजे एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर भिंग फुगीर बाजू खाली करून ठेवले की दोहोंमध्ये हवेचा पातळ थर राहतो. त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून, म्हणजे दोन लहरी एकमेकींत मिसळून कुठे उजेड तर कुठे अंधार पडण्यातून उमटणाऱ्या वलयांचे व्यास मोजून भिंगाची वक्रतात्रिज्या (त्याची फुगीर बाजू ज्या गोलाचा भाग आहे त्याची त्रिज्या) काढायची असते.

सोडियमचा दिवा लावताच गुलाबी दिसतो, कारण आधी आतला निऑन पेटतो. सोडियमची वाफ होऊन पिवळा प्रकाश स्थिरावेपर्यंत थांबावेच लागते. तेवढ्यात मी भिंग आणि काच स्पिरिटने पुसून घेतली. तरीही सूक्ष्मदर्शकातून पाहिले तेव्हा वलयांचा मध्य काळा नसून फिकट पिवळा होता. खालच्या काचेवरून परावर्तन होताना प्रकाशाच्या कलेत १८० अंशांचा फरक पडतो, म्हणजे लहर उलटी होते, म्हणून भिंग जिथे काचेला टेकते तिथे अंधार हवा. मध्य उजळ असेल, तर बहुधा धुळीच्या कणाने भिंग किंचित उचललेले असते.

मी पुन्हा पुसत बसलो नाही, कारण या प्रयोगाची खरी खुबी इथेच आहे. काळ्या वलयाच्या व्यासाचा वर्ग क्रमांकागणिक ठरावीक मापाने वाढतो. धुळीमुळे प्रत्येक वर्ग सारख्याच रकमेने बदलतो आणि दोन वर्गांची वजाबाकी करताच ती रक्कम उडून जाते. पहिले वलय नेमके कोणते, हा प्रश्नही त्याबरोबरच मिटतो.

जिकिरीचे काम सूक्ष्मदर्शक सरकवणाऱ्या स्क्रूचे. डावीकडे विसाव्या वलयाच्याही पलीकडे जाऊन तिथून उजव्या विसाव्यापर्यंत तो एकाच दिशेने फिरवायचा. मध्येच उलटा फिरवला की बॅकलॅश एरर, म्हणजे स्क्रूच्या आट्यांतल्या ढिलेपणामुळे होणारी चूक, आलीच. बाहेरची वलये इतकी दाटीने असतात की क्रॉसवायर (नेत्रिकेतली फुलीची बारीक तार) काळ्या पट्टीच्या मधोमध स्पर्शरेषेसारखी टेकवताना मोजणी पुटपुटत ठेवावी लागते.

विसाव्या वलयाचा व्यास ०.६८६ सें.मी. आणि दहाव्याचा ०.४८४ सें.मी. आला. वर्गांच्या फरकाला ४, १० (वलयांच्या क्रमांकांतला फरक) आणि सोडियमच्या प्रकाशाची ५८९३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) तरंगलांबी यांच्या गुणाकाराने भागल्यावर त्रिज्या १००.३ सें.मी. निघाली, भिंगाच्या डबीवर १०० लिहिलेले होते.

"फटीत पाणी सोडले तर?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले. वलये आक्रसतील आणि व्यासांचे वर्ग १.३३ ने भागले जातील, म्हणजे याच मांडणीवर पाण्याचा अपवर्तनांकही (पाण्यात प्रकाश किती पटीने मंदावतो तो आकडा) काढता येईल, असे मी सांगितले. त्यांनी जर्नल पुढे ओढून सही केली.