राणीच्या गालावरचे ठिपके

फेब्रुवारीतली सकाळ. एका हातात बादली, दुसऱ्यात सायफनची नळी, आणि खांदा-कानाच्या मध्ये दाबलेला फोन. पलीकडे कोथरूडचे काका. त्यांच्या 2 फुटी फिशटँकची साफसफाई महिन्यातून एकदा माझ्याकडे असते.

"अरे, राणीला पांढरे ठिपके आलेत. परवापासून दिसतायत."

राणी म्हणजे त्यांची केशरी ओरांडा, डोक्यावर बोंडांचा तुरा असलेली गोल्डफिश. थंडी सरताना रात्री गार आणि दुपारी ऊन असं चालतं, पाण्याचं तापमान वरखाली होतं आणि मला व्हाइट स्पॉट या रोगाचे फोन येतातच. ठिपके नेमके कुठे आहेत, हे मी विचारलंसुद्धा नाही. "हीटर 30 वर ठेवा. निळं औषध आणा, बाटलीवर लिहिलंय तसं घाला. फिल्टर घाण झाला असेल तर धुवून घ्या." दीड मिनिटात मोकळा झालो.

व्हाइट स्पॉट असता तर हा सल्ला ठीकच होता. तो परजीवी माशाच्या कातडीखाली दडलेला असतो तोवर औषध त्याला शिवत नाही. वाढ पुरी झाली की तो मासा सोडून तळाशी जातो, कवच धरतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात तेवढ्यातच औषधाला सापडतात. पाणी गरम ठेवलं की हे चक्र भराभर फिरतं. सल्ला ठीक होता, फक्त राणीला तो रोग नव्हता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या नातीचा फोन. "काका, राणी सारखी वर येऊन तोंड उघडतेय. लवकर या ना."

गेलो. पाणी शाईसारखं निळं, काचेच्या कोपऱ्यातलं सिलिकॉनही निळं. दोन्ही मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. फिल्टरचा स्पंज मात्र नवाकोरा दिसत होता. काकू कौतुकानं म्हणाल्या, "नळाखाली धरून तीनदा पिळलाय. किती घाण निघाली म्हणून सांगू!"

ती घाण म्हणजेच तर फिल्टर. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात आणि त्या चिकट तपकिरी थरातले जिवाणू तो संपवतात. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा असतो. मी "धुवून घ्या" म्हणालो, तेव्हा हे पुढचं वाक्य माझ्या डोक्यातच राहिलं. नळाच्या क्लोरीननं जिवाणू गेले, उरलेसुरले निळ्या औषधानं. वर माझं 30 डिग्री! गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो आणि अमोनिया जास्त विषारी होतो.

अमोनियाच्या टेस्ट किटच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, 5 मिनिटं थांबलो. पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं.

मग मोबाइलचा टॉर्च लावून राणीकडे नीट पाहिलं. अंग साफ, शेपूट साफ. ठिपके होते ते फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर, आणि छातीजवळच्या दोन्ही परांच्या पुढच्या काट्यावर, एका ओळीत, मोती ओवल्यासारखे. व्हाइट स्पॉट असा शिस्तीत येत नाही, तो अंगभर मीठ भुरभुरल्यासारखा दिसतो आणि मासा खड्यांवर अंग घासतो. मला घाम फुटला.

"राणी दुसऱ्या माशाच्या मागे लागायची का गं?"

"सारखी! त्याच्या पोटाला ढुशा द्यायची. आम्ही ओरडायचो तिला."

राणी नर होती. वीण जवळ आली की गोल्डफिशच्या नराला हे दाणे येतात, हंगाम सरला की आपोआप जातात. चार दिवस आम्ही सगळे मिळून तारुण्यावर औषधोपचार करत होतो.

हीटर बंद केला. अर्धं पाणी काढलं, बादलीत क्लोरीन मारणारे हायपोचे खडे विरघळवून तेवढ्याच कोमट पाण्यानं टँक भरला. पाण्याचा निळा रंग ओढून घ्यायला कार्बनची पिशवी सोडली. स्कूटर काढून घरी गेलो, माझ्या टँकमधला जुना, बुळबुळीत स्पंज त्याच पाण्याच्या डब्यात घालून आणला आणि त्यांच्या टँकमध्ये बसवला. काकूंनी नाक मुरडलं. तीन दिवस खाणं बंद, रोज थोडं पाणी बदलायचं. आठवड्यात नायट्राइट (जिवाणू अमोनिया संपवताना बनतं ते दुसरं विष) चढायला लागला तेव्हा लिटरला 1 ग्रॅम खडेमीठ घातलं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. बाराव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. दोन्ही मासे वाचले.

त्या पहिल्याच रात्री काकांना सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ टँककडे बघत बसले. मग म्हणाले, "ठिपके कुठे आहेत, एवढं विचारायचं होतंस." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे घेतले नाहीत. काकूंनी चहा दिला, तो मात्र निमूट प्यायलो.

नातीनं नाव बदलायला साफ नकार दिला. नर असला तरी राणीच.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा काकांचा फोन. "राणीच्या गालावर ठिपके आलेत. कल्ल्यांवर आणि पुढच्या परांवर. काही घालत नाहीये, नुसतं कळवलं."