कालचा भाव

सोलापूरच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानावर, म्हणजे शेतकऱ्याचा माल बोलीनं विकून देणाऱ्या दुकानावर, मी 19 वर्षं दिवाणजी आहे. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब, लिहिणं हे माझं काम. भाव मी ठरवत नाही, पण शेतकऱ्याला तो ऐकवतो मीच. त्यामुळे शिव्यांचा पहिला मान आमचा.

8 डिसेंबर 2023, शुक्रवार. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचा जोर. रात्रभर गाड्या लागतात, पहाटे दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसते. सहाच्या सुमारास मालकांचा फोन आला. "कांद्याची निर्यात बंद केली. रात्रीच ऑर्डर निघालीय. 31 मार्चपर्यंत." एवढंच बोलून ठेवून दिला.

ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं होतं, ऑक्टोबरअखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य लागलं, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचं नाही, आणि आता सरळ कुलूप. ऑर्डर निघाली तेव्हा आमच्याकडं यायचा माल गाड्यांत भरला होता. मंद्रूपकडचे एक अण्णा रात्री नऊलाच टेम्पो घेऊन निघाले होते. 84 पिशव्या, 42 क्विंटल. ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला मालक म्हणतात. सोलापुरात सगळेच एकमेकांचे मालक.

सौदे सुरू झाले तेव्हा रोज ओरडणारे खरेदीदार खिशात हात घालून उभे. कुणी म्हणालं, आमचा माल तर बेंगळुरू-हैदराबादला जातो, आम्हाला काय? पण तसं नसतं. बोटीत न चढलेला नाशिकचा कांदाही त्याच बाजारांत उतरणार, हे खरेदीदारांना आमच्याआधी कळलेलं. आदल्या दिवशी तसाच माल क्विंटलला 3600 नं गेला होता. अण्णांच्या मालाला 2100 लागले. म्हणजे एका रात्रीत 63,000 रुपये गेले. ना गारपीट, ना करपा रोग.

"परत नेतो की," अण्णा म्हणाले. म्हणाले खरं, पण त्यांनाही ठाऊक होतं. उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीत चार-पाच महिने काढतो. लाल कांदा पंधरवड्यात कोंब धरतो. शिवाय नेण्याचं भाडं वेगळं.

माझे वडील शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून हिंडायचे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे मी शाळेच्या कवितांच्या आधी पाठ केलं. संघटनेच्या शरद जोशींचं म्हणणं ते जेवताना सांगायचे: सरकार शेतकऱ्याला देतं ते डोळ्यांना दिसतं, भाव पाडून नेतं ते दिसत नाही. तेव्हा मला हे भाषण वाटायचं. त्या दिवशी कॅल्क्युलेटरवर दिसलं. शहरातल्या कुणाला कांदा दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त मिळावा हे मला समजतं, माझ्याही घरी कांदा लागतोच. पण त्याचे पैसे सरकारनं तिजोरीतून द्यावेत ना. अण्णांच्या टेम्पोतून का? बरं, हा भाव पाहून पुढच्या वर्षी माणूस कांदा कमी लावतो, मग टंचाई होते, मग पुन्हा बंदी येते. अण्णा चुलीसमोर बसून ठरवतात की यंदा एक एकर कमी. तो निरोप दिल्लीला पोचेपर्यंत कांदा महाग झालेला असतो.

हे सगळं मी जरा तावातावानं बोललो. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "सरकारनं मधी येऊ नये म्हणताय, बरोबर हाय. मग तुमच्या मालकाचं लायसन काय हाय?"

मी गप्प झालो.

खरंच, आमचं दुकान परवान्याच्या सावलीतच उभं आहे. नवा कुणी उठून इथं अडत घालू शकत नाही. गाळा आणि परवाना लागतो, आणि तो सहज मिळत नाही. हमालीचे दर ठरलेले. 2016 मध्ये राज्यानं फळं-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून मोकळ्या केल्या, बाहेर कुणालाही विका म्हणून. आम्ही धसका घेतला होता. झालं फार काही नाही. मी अण्णांना तेच सांगितलं, की बाहेर विकायला मोकळीक आहे. ते हसले. "मोकळीक हाय, पण तिथं उभा कोण हाय? हितं निदान चार जण बोली लावत्यात." आणि काट्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्यावर सरकारचा शिक्का हाय म्हणून मी लक्ष न ठेवता च्या प्यायला जातो. ते राहू द्या. भावात हात घालू नका म्हणा."

माझ्या वडिलांनी यावर वाद घातला असता. मला सुचलं नाही. अजूनही परवान्याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि पगार त्याच परवान्यातून येतो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत याच यार्डात 512 किलो कांदा आणणाऱ्याला खर्च वजा जाता दोन रुपयांचा चेक मिळाला होता. पेपरात फोटो आले, सगळ्यांनी हळहळ केली. तेव्हा भाव इतका पडला, तर कुणी वर ओढला नाही. दहा महिन्यांनी वर गेला, तर खाली ओढायला रातोरात ऑर्डर. ही बंदी मार्चमध्ये वाढवली आणि 4 मे 2024 ला उठवली. सोलापुरात मतदान 7 मेला होतं. ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

अण्णांची पट्टी लिहिली. हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं वजा केलं, शिक्का मारला, पैसे मोजून दिले. त्यांनी दोनदा मोजले, बंडीच्या आतल्या खिशात ठेवले आणि पट्टी परत माझ्यापुढं सरकवली.

"मागच्या बाजूला कालचा भाव लिवून द्या की मालक. घरी म्हणतील, म्हातारा वाटेत कुठं तरी बसून आला."

तसं लिहून द्यायची पद्धत नाही. मी पट्टी उलटी केली, लिहिलं: 7 डिसेंबर, 3600. खाली सही केली. शिक्का तेवढा मारला नाही.