कुठला फॅन घेऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"गेम सुरू केला की पाच मिनिटांत कॉम्प्युटर घोंघावायला लागतो. कुठला फॅन घेऊ?"

दर आठ-पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी मला हे विचारतं. माझा गेमिंग डेस्कटॉप चालू असताना ज्यांनी शेजारी बसून गप्पा मारल्यात, ते तर हमखास विचारतात. घाईत मी अर्धंमुर्धं काहीतरी सांगतो, समोरचा नवे फॅन घेऊन येतो, आणि महिन्याभराने कळतं की आवाज होता तिथेच आहे. नवे फॅनही त्याच उष्णतेच्या मागे धावतात, त्याच वेगाने. म्हणून आता सगळं एकदाच आणि नीट सांगतो. फॅनची खरेदी माझ्या हिशेबात सर्वांत शेवटी येते.

मी या आवाजाच्या मागे लागलो तो माझ्या धाकट्या बहिणीमुळे. आमची खोली एकच. रात्री ती झोपायची आणि मी हेडफोन लावून खेळायचो, त्यामुळे मला स्वतःला आवाज जाणवतच नव्हता. तिला त्रास होतो हे दिसत होतं, म्हणून मी सगळे फॅन शक्य तितके हळू केले. तरी तिची झोप मोडायचीच. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "आवाजाचं काही नाही रे दादा. एकसारखा असला तर झोप लागते. मध्येच वाढतो, थांबतो, परत वाढतो, तेव्हा दचकायला होतं."

तोवर मी फक्त आवाज किती मोठा आहे एवढंच बघत होतो. तिच्या बोलण्यानंतर मी तो कधी बदलतो ते ऐकायला लागलो, आणि निम्मं काम तिथेच झालं.

हा चढउतार होतो कशामुळे? सीपीयूची, म्हणजे मुख्य प्रोसेसरची, चिप नखाएवढी. एखादा प्रोग्रॅम उघडला की तिचं तापमान एका सेकंदात 45 वरून 70 अंशांवर उडी मारतं आणि दुसऱ्या क्षणी खाली येतं. तिच्यावरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, मात्र चांगला जाडजूड असतो, तो एवढ्यात तापतही नाही. त्या क्षणी फॅन जोरात फिरवून हाती काहीच लागत नाही. पण बऱ्याच मदरबोर्डवरचा मूळ फॅन कर्व्ह, म्हणजे किती अंशांना फॅन किती वेगाने फिरवायचा याचा आलेख, प्रत्येक उडीच्या मागे पळतो. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन तो बदलता येतो. माझा आलेख 65 अंशांपर्यंत अगदी सपाट आहे, तिथून 80 पर्यंत हळूहळू चढतो आणि त्यापुढे खडा होतो. त्याच पानावर फॅनने तापमान बदलल्यावर किती वेळ थांबून वेग बदलायचा हेही ठरवता येतं. नाव प्रत्येक बायोसमध्ये वेगळं, पण 'स्टेप अप' असं काहीतरी दिसेल. तिथे चार-पाच सेकंद दिलेत की किरकोळ उड्या फॅनपर्यंत पोचतच नाहीत.

इथे बरेच जण घाबरतात. 75 अंश म्हणजे चिप जळणार असं त्यांना वाटतं. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतले बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत चालतील अशाच बेताने बनवलेत, आणि मर्यादा गाठली की कुठलीही आधुनिक चिप आपला वेग आपणच कमी करते. गेम खेळताना 75-80 अंश दिसले तर ते खुशाल दिसू द्या. 60 वर ठेवायच्या हट्टापायी रोज डोक्याशी भुणभुण सहन करण्यात काही अर्थ नाही.

बायोसमध्ये आहातच तर आणखी एक गोष्ट तपासा. फॅनच्या वायरच्या टोकाला तीन भोकं आहेत की चार? चार असतील तर वेग पीडब्ल्यूएम सिग्नलने, म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या इशाऱ्याने, ठरतो, तीन असतील तर व्होल्टेज कमी-जास्त करून. तीन पिनांचा फॅन आणि बायोसमध्ये सेटिंग पीडब्ल्यूएमचं, अशी जोडी जमली की तो फॅन कायम पूर्ण 12 व्होल्टवर, सगळ्या जोराने फिरत राहतो. सेटिंग डीसी, म्हणजे व्होल्टेजवर चालणारं, केलं की तिथल्या तिथे शांत. मी ज्यांचे कॉम्प्युटर उघडून पाहिलेत, त्यांतल्या दोघांचा सगळा आजार एवढाच होता.

आता आवाज नेमका कुणाचा, ते शोधायला हवं. कॅबिनेटमध्ये सहा-सात फॅन असतात आणि कानाला ते सगळे एकच वाटतात. पुठ्ठ्याची लांब नळी घ्या, एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका फॅनजवळ न्या. किंवा सॉफ्टवेअरमधून एकेक फॅन हळू करत जा आणि कान द्या. रात्रीची वेळ बरी, बाहेरचे आवाज कमी असतात.

मी असं ऐकायला बसलो तेव्हा एक गंमतशीर आवाज सापडला. वँव, वँव, वँव, असा लाटांसारखा. नळी पुढच्या दोन्ही फॅनपाशी नेली तर दोघेही चांगले, एकटा एकटा फिरवला तर लाट गायब. मग आकडे पाहिले. एक 1200 आरपीएमवर (मिनिटाला 1200 फेरे) होता, दुसरा 1170 वर. सात पात्यांचा फॅन 1200 वर फिरतो तेव्हा सेकंदाला 20 फेरे होतात, म्हणजे पातं एकाच जागेवरून सेकंदाला 140 वेळा जातं. तो झाला 140 हर्ट्झचा सूर. शेजारच्याचा सूर निघतो 136.5 हर्ट्झ. दोन्हींतलं अंतर साडेतीन, म्हणून सेकंदाला तीन-चार हेलकावे. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळाव्यात पण पुरत्या जुळू नयेत, तेव्हा जे ऐकू येतं, तेच. मी एका फॅनचा वेग मुद्दाम 150 ने खाली आणला आणि ती लाट गेली. एवढ्यासाठी कुणी नवे फॅन आणले असते तर कदाचित तेही असेच हेलकावत राहिले असते.

दुसरा आवाज जाड, घुमणारा होता. बाजूच्या पत्र्यावर तळहात टेकवला की बंद, उचलला की सुरू. ठरावीक वेगाला पत्रा फॅनबरोबर थरथरत होता. त्यावर दोन उपाय. पत्रा आणि चौकट यांच्यामध्ये फोमची पातळ पट्टी लावायची, आणि फॅन कर्व्हमध्ये तो वेग टाळायचा, म्हणजे फॅन त्याच्या खाली तरी राहील किंवा वर तरी. फॅन स्क्रूऐवजी रबरी पिनांवर बसवले तरी थरथर पत्र्यापर्यंत कमी पोचते. साधी हार्ड डिस्क असेल तर तिच्या खालीही रबर हवं.

एवढं झालं तरी गेममधला खरा घोंघाट उरतोच, आणि तो बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे गेमची चित्रं काढणाऱ्या भागाचा, असतो. त्याचे फॅन लहान, जागा अडचणीची, आणि सगळ्यात जास्त उष्णता तिथेच. म्हणून फॅनला हात घालण्याआधी उष्णता कमी करा, असं मी आग्रहाने सांगतो. कार्डाने 300 वॉट वीज घेतली की ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडणार, आणि ती कुणीतरी ढकलायला हवी. 220 वॉट घेतली तर ढकलायचं कामच कमी.

सर्वांत सोपा उपाय एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) काढायच्या त्यावर, मर्यादा घालायचा. मर्यादा नसली की नुसत्या मेनूवर थांबलेला गेमसुद्धा सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतो. मॉनिटर 144 हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला 144 चित्रंच दाखवणार. त्यावरच्या फ्रेमवर खर्च झालेली वीज फक्त कॅबिनेट तापवते. कार्डाच्या ड्रायव्हरच्या (ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये मर्यादा टाकायला अर्धं मिनिट लागतं.

त्यानंतर अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज कमी करणं. हे नाव ऐकून लोक मागे सरतात, पण कॉम्प्युटर शांत करायला मला सर्वांत जास्त उपयोग याचाच झालाय. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक कार्डाला त्या मॉडेलची सगळ्यात अशक्त चिपही चालेल इतकं व्होल्टेज दिलेलं असतं. तुमची चिप बहुधा त्याहून कमी व्होल्टेजवर तेवढ्याच वेगाने चालते. चिप काम करताना जी वीज खाते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून व्होल्टेज 10 टक्के उतरलं तर त्याच वेगाला वीज जवळपास 19 टक्के उतरते. आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा आलेख उघडून एक बिंदू निवडायचा, त्यापुढचा आलेख सपाट करायचा, आणि तास-दोन तास तुमचा सर्वांत जड गेम खेळून बघायचा. गेम बंद पडला किंवा पडद्यावर ठिपके दिसले तर व्होल्टेज थोडं वाढवायचं. प्रत्येक चिप वेगळी, तेव्हा माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. एवढाही खटाटोप नको असेल तर पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा, 80 टक्क्यांवर आणा. एफपीएस थोडे कमी होतील, आकडा न बघता ओळखू येणार नाहीत इतके थोडे, आणि फॅन मात्र लगेच खाली बसतात.

आणखी एक बाब आहे, आणि तिच्याकडे फारच कमी लोकांचं लक्ष जातं. कॅबिनेटचे फॅन मदरबोर्डला जोडलेले असतात आणि मदरबोर्ड त्यांना सीपीयूच्या तापमानावर चालवतो. गेममध्ये तापतं ग्राफिक्स कार्ड. म्हणजे कार्ड गरम हवेत गुदमरतंय, त्याचे छोटे फॅन 2000 च्या वर पळतायत, आणि पुढचे मोठे फॅन मजेत 600 वर. कॅबिनेटचे फॅन कार्डाच्या तापमानाला जोडून देणारी सॉफ्टवेअर आहेत, फॅन कंट्रोल नावाचं फुकट मिळतं, तेच मी वापरतो. मोठे फॅन 900 पर्यंत नेले तेव्हा कार्डाचे फॅन आपोआप खाली आले आणि एकूण आवाज कमी झाला. आवाज कमी करायला फॅनचा वेग वाढवा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कॅबिनेटच्या बाबतीत खरं आहे.

हवा नीट खेळते की नाही हे बघायला एक परीक्षा आहे. गेम वीस मिनिटं चालवा, कार्डाचं तापमान आणि त्याच्या फॅनचा आरपीएम लिहून घ्या. मग बाजूचा पत्रा काढून तेच पुन्हा करा. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं किंवा फॅन बरेच मंदावले, तर समजा की कॅबिनेटला श्वास घेता येत नाहीये. समोरची काच किंवा बंद प्लास्टिक, धुळीने भरलेली जाळी, भिंतीला चिकटवून ठेवलेली मागची बाजू, यांतलं काहीतरी असणार. काहीच फरक पडला नाही तर कॅबिनेट निर्दोष आहे, त्यावर खर्च करू नका.

धुळीबद्दल तुम्हाला माहीत आहेच. एकच सांगतो: हवेचा फवारा मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं, बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलट वीज तयार करू शकते. कॉम्प्युटर बंद आणि वायर काढलेली हवी, हे सांगायला नकोच. थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) काही वर्षांची झाली असेल आणि तापमान पूर्वीपेक्षा चढलेलं दिसत असेल तर बदला, वाटाण्याएवढी पुरते.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, कुठला फॅन. मी ब्रँड शेवटी बघतो, आकार आधी. फॅनचा वेग निम्मा झाला की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, आणि तसाच दुसरा फॅन शेजारी लावला की फक्त 3 ने चढतो. म्हणजे एका फॅनचं काम दोघांनी निम्म्या वेगाने केलं तर हिशेबाने 12 डेसिबलचा फायदा, आणि 10 डेसिबल कमी म्हणजे कानाला आवाज जवळपास निम्मा. म्हणून जागा असेल तर 120 ऐवजी 140 मिलिमीटरचा फॅन घ्या, आणि एका वेगवानाऐवजी दोन संथ. मात्र वेग निम्मा झाला की फॅनचा दाब चौथ्या हिश्शावर येतो, त्यामुळे दाट जाळीमागे किंवा चिप पाण्याने थंड करणाऱ्या वॉटर कूलरच्या जाड रेडिएटरवर हा हिशेब तितका लागू पडत नाही. तिथे दाबासाठी बनवलेलेच फॅन लागतात. बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक प्रकारचं (तेलाच्या थरावर फिरणारं) असावं. जुना फॅन खरखरत असेल, कटकट वाजत असेल, तर ते बेअरिंग संपल्याचं लक्षण, आणि तेव्हा मात्र विचार न करता बदला.

आवाज दाबायला कॅबिनेटला आतून फोम चिकटवण्याच्या मी विरोधात आहे. फोम बारीक, चिरके आवाज थोडे शोषतो, जाड घुमणाऱ्याला फारसं काही करत नाही, आणि हवेच्या वाटेत आला तर उष्णता वाढवून फॅन आणखी पळवतो.

एका आवाजापुढे हे सगळे उपाय थकतात. एफपीएस चढले की येणारी बारीक, विजेसारखी चिर्र. तो फॅनच नव्हे, कार्डावरच्या कॉइल्स थरथरतात त्याचा तो आवाज. एफपीएसची मर्यादा आणि अंडरव्होल्ट यांनी तो कमी होतो, कधीकधी पूर्ण जातो, पण फॅन बदलून कधीच नाही. वॉटर कूलरमधून गुडगुड ऐकू आली तर पंपात हवा अडकली आहे, रेडिएटर पंपापेक्षा उंच बसवा.

तेव्हा यापुढे मला विचारायला याल तर चार आकडे घेऊन या: गेममध्ये वीस मिनिटांनंतर कार्डाचं तापमान, त्याच्या फॅनचा आरपीएम, आणि पत्रा काढल्यावर हेच दोन किती झाले ते. आणि शेजारी कुणी झोपत असेल तर त्यांना विचारून या की दचकायला नेमकं कधी होतं.