यादी आली की भांडण आलंच

सवाईची, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन संगीत महोत्सवाची, कलाकारांची यादी आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, यंदा काही दम नाही. यादी नीट वाचलेली पण नसते अजून. मग दुसरा म्हणतो अरे शुक्रवार बघ ना, शुक्रवार जबरदस्त आहे, तिसऱ्याला सतार एकच दिवस का असा प्रश्न पडलेला असतो, आणि एक काका असतातच ज्यांच्या मते भीमसेनजी (जोशी) गेले तेव्हाच सवाई संपला, आता जे चालतं ती जत्रा. हे काका सीझन पास मात्र सगळ्यांच्या आधी काढतात.

भांडणाचे विषय वर्षानुवर्षं तेच. फ्यूजन कशाला घुसवलं, अमक्याचा मुलगा आणि तमक्याची नात म्हणून किती जणांना घेणार, रमणबागेच्या जुन्या मैदानाची मजा आताच्या मुकुंदनगरला नाही वगैरे वगैरे. सगळ्यात गंमत मला याची वाटते की ‘तेच ते लोक कितीदा ऐकायचे’ असं जो तावातावाने म्हणतो, तोच एखादं नवीन नाव दिसलं की विचारतो, हा कोण बुवा?

‘आता उरलंय कोण’ हा मुद्दा मात्र अगदीच उडवून लावता येत नाही. २०२४ च्या जानेवारीत गायक राशिद खान गेले आणि चारच दिवसांनी गायिका प्रभाताई अत्रे, आणि डिसेंबरमध्ये ऐन सवाईच्या तोंडावर तबलावादक झाकीरभाई (हुसेन). एका वर्षात इतकं. किशोरीताई (आमोणकर), संतूरवाले शिवजी (शिवकुमार शर्मा) त्याआधीच गेलेले. ज्या नावांवर लोक डोळे झाकून पास काढायचे ती नावं एकेक करून यादीतून गेली आणि त्या जागी जे येतात ते कितीही चांगले असले तरी त्यांना आधी पाच वर्षं ‘बरा गातो’ एवढंच सर्टिफिकेट मिळतं.

पण मला विचाराल तर यादीवरून लोक इतके पेटतात त्याचं कारण नावं नाहीयेत, कारण घड्याळ आहे.

मुळात भीमसेनजींनी हा प्रकार सुरू केला तो आपल्या गुरूच्या आठवणीत. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले, १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळाचा महोत्सव सुरू झाला, भीमसेनजी तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचे. आणि तो रात्रभर चालायचा. रात्रभर म्हणजे खरंच रात्रभर, शाल, स्वेटर, चहाचा थर्मास, बुटांची पिशवी उशाला घेऊन सतरंजीवर आडवी झालेली माणसं. तीन वाजता एखाद्या तबलजीची तिहाई (तीनदा वाजवलेला तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की अर्धवट झोपलेल्या माणसाचा पण हात आपसूक मांडीवर पडायचा. कोण गातंय हे त्याला कदाचित सकाळी विचारावं लागलं असतं, पण सम चुकायची नाही.

मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते आणखी पक्के केले आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंतची सूट मिळू शकते, ती आपल्याकडे साधारण शनिवारी वापरतात, म्हणून शनिवारी कोणाला बसवलंय यावर वेगळी लढाई. नियम चूक आहे असं मी म्हणत नाही हां, मंडपाशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण त्याने गाण्याचं काय झालं ते बघा. दुपारी तीन-चारला सुरू करून दहाला संपवायचं म्हणजे भीमपलास, मुलतानी, मारवा, पूरिया धनाश्री, यमन या दुपार-संध्याकाळच्या रागांची चांदी. मध्यरात्रीचा दरबारी दहाच्या आत उरकायचा. आणि ललत, तोडी, अहिर भैरव, म्हणजे पहाटे-सकाळचे, रात्र जागल्याचं बक्षीस म्हणून मिळणारे राग, ते संध्याकाळच्या मैफिलीत गाणार कसे? एका झटक्यात अर्धा खजिना बाहेर.

रात्र होती तेव्हा यादीतलं एखादं नाव नाही जमलं तरी काय बिघडत नव्हतं, उठायचं, चहा मारून यायचं, पुढे सगळी रात्र पडलेली असायची. आता एका दिवसात सहा तास आणि चार-पाच कलाकार, एक आवडला नाही की दिवसाचा पाव भाग गेला. मग माणूस नाव बघून भांडणारच की.

कलाकाराचं पण तेच. तासाभरात विलंबित (संथ लयीतलं), द्रुत (जलद लयीतलं), आणि पब्लिक सोडत नाही म्हणून वर एक अभंग. (अभंगाच्या फर्माइशीला नाकं मुरडणारे शुद्धतावादी शेवटी टाळ्या धरून गातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.) सगळ्यात वाईट वाटतं ते दुपारच्या पहिल्या कलाकाराचं. मंडप निम्मा रिकामा, लोक अजून सतरंज्यांवर जागा धरतायत, स्टॉलवरून वड्यांचा वास, कोणीतरी पेपर वाचतंय. एक पोरगी मुलतानी लावत होती, तानपुरा उतरला म्हणून दोनदा थांबून जुळवला, साउंडवाल्याला हाताने मॉनिटर कमी कर कमी कर सांगत होती, आणि तेवढ्यात तिचा तीव्र मध्यम (चढा म) असा काही लागला की पेपरवाल्या आजोबांनी पेपरची घडी घातली. ‘वा’ बिवा काही नाही, फक्त घडी. यादी आली तेव्हा तिच्या नावावर आमच्यात कोणी चांगलं-वाईट एक अक्षर बोललं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की दिवसाला तीनच कलाकार ठेवा आणि प्रत्येकाला भरपूर वेळ द्या, गाणाऱ्याला राग नीट उलगडू दे आणि ऐकणाऱ्याला जरा आत शिरू दे. हे मी आमच्या कंपूत मांडलं तर सगळ्यांना एकदम पटलं. एकमताने. मग कुठली नावं कापायची ते लिहायला बसलो, त्याला आता आठवडा होऊन गेला आणि दोन जण एकमेकांशी बोलत नाहीयेत.